गटाच्या जीपला मागचा डिफरन्शियल कोणता बसवावा?

मागच्या वेळी आपण गटाच्या हिशोबाच्या वहीबद्दल बोललो. आज बोलू गटाच्या गाडीबद्दल. तुम्ही म्हणाल, गाडीचं काम मिस्तरीचं, आम्हा बायकांना त्यातलं काय कळतं? आम्हीही असंच म्हणत होतो. त्या म्हणण्यापायी आमच्या गटाचे कर्जाचे दोन हप्ते थकले. ते तुमच्यावर येऊ नये, म्हणून हे सांगतो.

आमच्या गटानं माल वाहायला एक जुनी डिझेल जीप घेतली. दादर, मूग, मिरची बोदवडच्या बाजारात न्यायची, कधी भुसावळ, कधी मलकापूर. आधीच्या मालकानं तिचा चार गिअरचा बॉक्स काढून पाच गिअरचा बसवला होता. वर्षभरात मागून घरघर सुरू झाली आणि एक दिवस गाडी जागेवरच बसली. मागचा डिफरन्शियल गेला होता.

डिफरन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा दिसतो, त्यातली यंत्रणा. तिची कामं दोन. पहिलं काम खळ्यातल्या पातीसारखं. मळणीला बैल तिवड्याभोवती फिरतात, तेव्हा तिवड्याजवळचा बैल सावकाश चालतो आणि बाहेरच्याला लांब फेरा घ्यावा लागतो. गाडी वळताना चाकांचंही तसंच होतं. बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. दोन्हींना आपापल्या चालीनं फिरू देतो तो डिफरन्शियल.

दुसरं काम जोर वाढवायचं. शिलाई मशीन आठवा. खालचं मोठं चाक एकदा फिरलं की वरचं लहान चाक कितीतरी वेळा फिरतं. वेग वाढतो, जोर घटतो. डिफरन्शियलमध्ये उलटं असतं. पिनियन नावाचं लहान दातेरी चाक क्राऊन नावाच्या मोठ्या चाकाला फिरवतं. पिनियनला ८ दाते आणि क्राऊनला ४३ असतील, तर ४३ भागिले ८, म्हणजे सुमारे ५.३८. इंजिनाकडून येणारा शाफ्ट ५.३८ वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा फिरेल. यालाच रेशो म्हणतात. रेशो मोठा तर जोर जास्त, पळ कमी. रेशो लहान तर पळ जास्त, जोर कमी.

महिंद्रच्या जीपा पूर्वी मुंबईत जोडल्या जात. त्या विलीज बनावटीच्या जुन्या जीपांना हाच ५.३८ चा रेशो असे. म्हणून त्या चढ चढत, पण सडकेवर रेंगाळत.

आम्हाला दोन डिफरन्शियल दाखवले गेले. एकाचा रेशो ४.८८, दुसऱ्याचा ३.७३. दुसरा स्वस्त होता. "गाडी पळेल, डिझेल वाचेल," असं ऐकलं आणि तोच घेतला. रिकामी गाडी खरंच छान पळाली. मग मिरची भरून जामनेर-फर्दापूरवरून अजिंठ्याचा घाट चढायला गेलो. चढावर गाडी उठेना. क्लच दाबून-सोडून जळका वास येऊ लागला. क्लचप्लेट बदलली, महिन्याभरात तीही गेली.

मग आम्ही वही-पेन घेऊन बसलो. आमच्या गाडीचं चाक एका फेऱ्यात सुमारे २.२ मीटर जातं. चौथ्या गिअरला शाफ्ट इंजिनाइतकाच फिरतो. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर ३.७३ ला गाडी ताशी ७१ किलोमीटर धावते, ४.८८ ला ५४. ५४ म्हणजे कमी वाटेल. पण आमच्याकडे पाचवा गिअर आहे, त्याचा आकडा ०.८. त्या गिअरला ४.८८ वर गाडी ताशी ६८ पर्यंत जाते. आमच्या रस्त्यांना एवढा वेग पुरे. ३.७३ ला पाचवा टाकला तर ताशी ८८! तेवढी घाई कुणाला? आणि त्यासाठी पहिल्या गिअरचा जोर जवळजवळ पाव भागानं कमी झाला होता. म्हणून ध्यानात ठेवा: गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल ही जोडी आहे. एक बदलला तर दुसऱ्याचा हिशोब पुन्हा करा. पहिला गिअर चढासाठी बघा, शेवटचा सडकेसाठी.

शहरात काही जण क्लच पेडल नसलेल्या ऑटोमॅटिक गाडीला हाताचा गिअर बसवतात. त्यांनाही हेच बघावं लागतं. ऑटोमॅटिकमध्ये तेलावर फिरणारा कन्व्हर्टर गाडी उठताना इंजिनाचा जोर वाढवून देतो. हाताच्या गिअरला ती मदत नसते. सारा भार क्लच आणि पहिल्या गिअरवर येतो. तेव्हा जुना डिफरन्शियल चालेलच, असं धरू नये.

घेण्याआधी रेशो कसा ओळखायचा? गाडी सपाट जागी उभी करा. बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. मिस्तरीकडून मागचं एकच चाक जॅकवर उचलून खाली ठोकळा लावून घ्या. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला. उचललेलं चाक पूर्ण दोनदा फिरवा आणि शाफ्ट किती वेळा फिरतो ते खडूची खूण करून मोजा. तोच रेशो. साध्या डिफरन्शियलला एकच चाक फिरवलं तर क्राऊन निम्मा फिरतो, म्हणून दोन फेरे. गाडीखाली मात्र शिरू नका. सुटा डिफरन्शियल असेल तर दाते मोजा.

आणखी काही गोष्टी पक्क्या करा. क्राऊन आणि पिनियन जोडीनंच घ्या. एक नवा, एक जुना केला तर दोन्ही लवकर खराब होतात. एक्सलची रुंदी, पाट्यांची जागा, शाफ्टची लांबी, ब्रेक आणि चाकाचे बोल्ट जुळतात का बघा. चारही चाकं ओढणारी जीप असेल तर पुढचा आणि मागचा रेशो सारखाच हवा. स्पीडमीटर शाफ्टच्या फेऱ्यांवर चालत असेल, तर रेशो बदलल्यावर तो चुकीचा वेग दाखवतो. गिअर ऑइल कंपनीनं सांगितलेलंच भरा.

आणि कागद. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातली माहिती कंपनीनं मूळ ठरवलेल्या माहितीशी जुळणार नाही असा फेरफार सहसा करता येत नाही. इंजिन बदललेली जुनी गाडी घेताना आरसी बुकावर तशी नोंद आहे का, हे जळगावच्या परिवहन कार्यालयात तपासून घ्या. नोंद नसेल तर अपघातानंतर विम्याचे पैसे अडू शकतात.

शेवटी आम्ही ४.८८ चा डिफरन्शियल बसवला. गाडी आता भरल्या मालानं घाट चढते. थकलेले हप्ते भरायला मात्र हंगाम गेला. तुमच्या गटात गाडीची गोष्ट निघाली, तर मिस्तरीभाऊंना एवढं नक्की विचारा: "रेशो किती, आणि आमच्या गिअरबॉक्सशी त्याचा मेळ बसतो का?" उत्तर समजेपर्यंत पैसे देऊ नका.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.