पौंडभर सूत, कल्याणपर्यंत

एक पौंड कापूस घ्या आणि त्याचे २० नंबरचे सूत काता. मग त्या सुताचे एक टोक बदलापूर स्टेशनात बांधून रुळांच्या कडेने चालू लागा. अंबरनाथ मागे पडेल, उल्हासनगर आणि विठ्ठलवाडी मागे पडतील, कल्याण येईल, आणि तरीही हातात किलोमीटरभर सूत शिल्लक असेल.

हिशेब सोपा आहे. ८४० वारांची एक लडी. अशा जितक्या लड्या एका पौंडात बसतात, तो सुताचा नंबर. म्हणजे वीस गुणिले ८४०, एकूण १६,८०० वार, आजच्या मापात १५ किलोमीटरांहून थोडे जास्त. बदलापूर ते कल्याण रेल्वेने साधारण १४ किलोमीटर.

१९५०च्या दशकात मुंबई राज्यातल्या अनेक शाळांच्या वेळापत्रकात सूतकताईचा तास होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत नई तालीमची, म्हणजे हातउद्योगातून शिक्षणाची, कल्पना मांडली. झाकिर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम बांधला आणि हातउद्योग शाळेत शिरला. शिकवायला लागणारे साधन मात्र अगदीच फुटकळ होते: खाली चकती बसवलेली, वर आकडा असलेली वीतभर सळई. हीच तकली.

ही तकली नीट पाहावी. तकलीला गिरकी दिली की चकतीच्या वजनामुळे ती फिरतच राहते, लगेच थांबत नाही. डाव्या हातातला पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, हळूहळू वर न्यायचा. त्यातले तंतू निसटत बाहेर येतात आणि फिरत्या आकड्यामुळे त्यांना पीळ बसतो. हातभर धागा झाला की तो सळईवर गुंडाळायचा आणि पुन्हा गिरकी द्यायची. कापसाचा तंतू जेमतेम इंचभर, म्हणजे कल्याणपर्यंत पोचणाऱ्या त्या धाग्यात एकही तंतू बोटाच्या दोन पेरांपेक्षा लांब नाही. त्यात गोंद नाही की गाठ नाही. मग तो तुटत का नाही? पीळ दिलेला धागा ताणला की बाहेरचे तंतू आतल्यांना आवळतात. जितके ओढावे तितके ते एकमेकांना घट्ट धरतात आणि घर्षण वाढते. ताणच धाग्याला बळ देतो! विज्ञानाच्या पुस्तकात घर्षण आणि जडत्व हे दोन धडे वेगवेगळे असतात. तकलीवर ते एकाच वेळी भेटतात, आणि एखादा धडा कच्चा राहिला की धागा तुटून ते कळते.

पुढचा भाग गणिताचा. कातलेले सूत चार फुटांच्या फेऱ्यांनी मोजायचे. एक फेरी म्हणजे एक तार आणि ६४० तारांची एक गुंडी. ती तराजूत टाकायची. दोन तोळे भरली, तर सूत जवळपास २० नंबरचे. वजन कमी भरले तर सूत बारीक आणि नंबर वरचा. व्यस्त प्रमाण म्हणतात ते हेच, आणि इथे ते चिमटीत धरता येते. अर्थात सगळीकडे हा तास असा रंगत नसणार. तकलीचा भोवरा फार छान होतो, हे मुलांना कोणी शिकवावे लागत नाही.

गणिताच्या तासाला त्या मुलांना जे सोसावे लागे, ते आज खरे वाटणार नाही. एक रुपया म्हणजे १६ आणे, एक आणा म्हणजे १२ पै. तीन रुपये सात आणे नऊ पैची वस्तू, अशा तेरा वस्तूंचे किती? आधी सगळ्याच्या पै करायच्या, ६६९. त्याला तेराने गुणायचे, ८,६९७. मग १९२ ने भागून परत रुपयांवर यायचे: पंचेचाळीस रुपये, चार आणे, नऊ पै. वजनाला सोळा छटाकांचा शेर, चाळीस शेरांचा मण. म्हणून तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी पाठ करून घेत. त्यापुढे औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा.

१ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि रुपये-आण्यांच्या या डोंगराची वाळू झाली. पण जुन्या-नव्यातले अंतर एकदम मिटले नाही. चार आण्यांचे २५ नवे पैसे हे सरळ. एका आण्याचे मात्र सव्वासहा. तेव्हा सहा धरायचे, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस. १९६४ साली ‘नवे’ गळाले आणि नुसते पैसे उरले.

पुन्हा शाळेतल्या हातउद्योगाकडे येऊ. १९५२ मध्ये नेमलेल्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळेला सात वाटा सुचवल्या: मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललितकला आणि गृहविज्ञान. शिवाय प्रत्येकाला एखादा हातउद्योग. बदलापूरच्या आसपास यातल्या काही वाटांना उत्तर होते. उल्हास नदीकाठची भातशेती होती, अंबरनाथला विम्कोचा काडेपेटी कारखाना होता. ८ ऑगस्ट १९४९ ला नाव मिळालेल्या उल्हासनगरात सिंधी निर्वासितांचा व्यापार उभा राहत होता. आयोगाच्या सात वाटा मात्र कागदावर जितक्या रुंद दिसल्या, तितक्या वर्गात झाल्या नाहीत. यंत्रे महाग, शिकवणारे थोडे, आणि पालकांचा ओढा ‘पास होणाऱ्या’ विषयांकडे. माझ्या मते तिथेच हाताचा विषय दुय्यम ठरला, आणि तो अजून तसाच आहे.

शालान्त परीक्षा तेव्हा अकरावीला असे. १९७५ मध्ये दहावीची पहिली तुकडी बसली आणि ‘जुनी अकरावी’ हा शब्द घराघरांत उरला. तुमच्या घरात असे कोणी असेल, तर आजच संध्याकाळी त्यांना औटकी म्हणायला सांगा आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. आणि जमल्यास देवघरातला थोडा कापूस त्यांच्या हातात द्या.