चर्चच्या किल्ल्या कोणाच्या हाती?

इ. स. १८०८ मध्ये त्रावणकोर संस्थानातील ब्रिटिश रेसिडेंट कर्नल मॅकॉले यांच्या पुढाकाराने तेथील सीरियन ख्रिस्ती समाजाच्या नावे ईस्ट इंडिया कंपनीकडे तीन हजार होन ठेवण्यात आले. व्याजाचा दर सालीना आठ टक्के आणि ठेव कायमची. एकोणिसाव्या शतकातही या व्याजावरून वाद झाले. पुढे १९११ च्या सुमारास त्याच समाजात दोन तट पडले आणि व्याजावर हक्क सांगणारी दोन विश्वस्त मंडळे उभी राहिली. पैसे कोणाला द्यावयाचे हे सरकारला कळेना. शेवटी १९१३ मध्ये प्रकरण न्यायालयात गेले. ‘वट्टिपणम’, म्हणजे व्याजाचा पैसा, या नावाने तो खटला केरळात आजही ओळखला जातो. वरकरणी हिशेबाचा दिसणारा हा वाद सोडविण्यासाठी न्यायाधीशांना भलत्याच प्रश्नांत शिरावे लागले. अँटिऑकच्या पॅट्रिआर्कचा अधिकार केवळ आध्यात्मिक आहे की मालमत्तेवरही चालतो? त्याने बहिष्कृत केलेला बिशप बिशप राहतो काय? एकूण, खरे चर्च कोणते?

ख्रिस्ती धर्मातील पंथोपपंथांविषयी आपल्याकडील सुशिक्षितांची कल्पना बहुधा ‘कॅथलिक आणि प्रोटेस्टंट’ या दोन शब्दांपलीकडे जात नाही. पोपला मानणारे ते कॅथलिक, न मानणारे ते प्रोटेस्टंट, एवढ्यावर काम भागविले जाते. मग गावातल्याच एका चर्चच्या पाटीवर ‘मेथॉडिस्ट’, दुसऱ्याच्या पाटीवर ‘सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट’ आणि तिसरीकडे मुक्तिफौजेचा फलक दिसला की गोंधळ उडतो. एका येशूला आणि एका बायबलला मानणाऱ्यांना इतकी वेगवेगळी घरे कशासाठी लागावीत, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर धर्मशास्त्राच्या ग्रंथांत आहेच, परंतु ते पूर्ण उत्तर नव्हे. जवळजवळ प्रत्येक फाटाफुटीत ‘सत्य काय’ या प्रश्नाला ‘ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा’ हा दुसरा प्रश्न चिकटलेला असतो. पहिल्या प्रश्नावर कालांतराने तडजोड होऊ शकते. दुसऱ्यावर ती होणे कठीण, कारण अधिकाराच्या मागोमाग इमारती, जमिनी आणि देणग्याही येतात.

अगदी आरंभीची फूट पडली ती ख्रिस्ताच्या स्वरूपावरून. तो एकाच वेळी देव आणि मनुष्य आहे हे सर्वांना मान्य होते, पण म्हणजे नेमके कसे? ४५१ मध्ये कॅल्सीडन येथे भरलेल्या धर्मपरिषदेने ‘एक व्यक्ती, दोन स्वभाव’ असा निर्णय दिला. तो ईजिप्तमधील कॉप्टिक, सीरियातील आणि आर्मेनियातील ख्रिस्ती समाजांनी स्वीकारला नाही. कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाने श्रद्धेची व्याख्या ठरवून ती दूरच्या प्रांतांवर लादावी, हे त्यांना रुचले नाही हेही एक कारण होते. केरळातील ज्या समाजाच्या ठेवीचा उल्लेख वर आला, त्याचा पुढे संबंध जडला तो याच सीरियन परंपरेशी.

१०५४ मध्ये रोम आणि कॉन्स्टँटिनोपल एकमेकांपासून दुरावले. पोपच्या प्रतिनिधीने सेंट सोफियाच्या वेदीवर बहिष्काराचे पत्र ठेवले, आणि पॅट्रिआर्कने त्याला बहिष्कारानेच उत्तर दिले. भाकरी आंबविलेल्या पिठाची असावी की बिनखमिराची, हा वादाचा एक विषय होता. दुसरा विषय होता श्रद्धासूत्रातील एका शब्दाचा. पवित्र आत्मा ‘पित्यापासून’ निघतो असे मूळ सूत्र. पश्चिमेकडे त्यात ‘आणि पुत्रापासून’ अशी भर पडली होती. पूर्वेचा आक्षेप त्या भरीच्या अर्थाला जितका होता तितकाच सर्वमान्य धर्मपरिषदेला न विचारता ती घालण्याला होता. तरीही सामान्य माणसांच्या मनातील दरी रुंदावली ती १२०४ मध्ये. त्या वर्षी पश्चिमेकडून आलेल्या क्रूसवीरांनी कॉन्स्टँटिनोपल हे ख्रिस्ती शहरच लुटले. १०५४ चे परस्परबहिष्कार १९६५ मध्ये दोन्ही बाजूंनी रद्द केले, पण चर्च एक झाले नाही. ऑर्थोडॉक्स परंपरेत विवाहित पुरुष धर्मगुरू होऊ शकतो, प्रतिमापूजनाला मोठे स्थान आहे, आणि रोमच्या पोपला मान असला तरी हुकमत नाही.

मार्टिन ल्यूथरचे प्रकरण या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. आल्ब्रेख्ट नावाच्या एका तरुण जर्मन सरदारपुत्राकडे एक आर्चबिशपपद होतेच. १५१४ मध्ये त्याला माइन्झचे दुसरेही मिळाले. एकाहून अधिक पदे धारण करण्याची सवलत रोमकडून मिळवायची तर मोठी रक्कम भरणे भाग होते. ती त्याने आउग्सबुर्गच्या फुग्गर या सावकारी पेढीकडून कर्जाऊ घेतली. कर्ज फिटावे म्हणून त्याच्या प्रदेशात पापमुक्तिपत्रे विकण्यास मोकळीक मिळाली. येणाऱ्या रकमेपैकी निम्मी रोममधील सेंट पीटर चर्चच्या बांधकामाला आणि निम्मी कर्जफेडीला, असा करार होता. पत्रे विकणाऱ्या धर्मोपदेशकांबरोबर पेढीचे गुमास्ते हिंडत. शास्त्राप्रमाणे या पत्राने पाप धुतले जात नसे, पापाबद्दल भोगावयाची शिक्षा तेवढी कमी होई. पण बाजारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला हा बारकावा कोण समजावून सांगणार?

एवढे कळले की अर्थकारणाच्या चष्म्यातून इतिहास पाहणाऱ्यांना सारा उलगडा झाल्यासारखे वाटते, आणि तेथेच त्यांची चूक होते. १५१७ मध्ये ल्यूथरने आपली ९५ विधाने मांडली तेव्हा या कर्जव्यवहाराची त्याला कल्पना नव्हती. त्याचा प्रश्न खरोखरच पापाचा आणि क्षमेचा होता. मनुष्य आपल्या कर्माने तरतो की केवळ ईश्वरी कृपेवरील श्रद्धेने, या प्रश्नाने त्याची झोप उडविली होती. पैशाने त्याचे मत घडविले नाही. मात्र त्या मताचा वणवा इतक्या झपाट्याने का पसरला, याचा खुलासा पैशाशिवाय होत नाही. जर्मनीतून रोमकडे वाहणाऱ्या धनाच्या ओघाबद्दल तेथील राजे, नगरसभा आणि करदाते आधीच चिडलेले होते.

पोपचा निर्णय अंतिम नाही, बायबल अंतिम आहे, असे ल्यूथरने म्हटले. पण बायबलचा अर्थ कोणी लावायचा? १५२९ मध्ये मारबुर्ग येथे तो आणि झ्युरिकचा सुधारक झ्विंग्ली समोरासमोर बसले. पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झाले. पंधराव्यात प्रभुभोजनातील भाकरी आली. ‘हे माझे शरीर आहे’ या वाक्यातील ‘आहे’ शब्दशः घ्यावयाचे की प्रतीक म्हणून? तेथे बोलणे तुटले. कॅथलिक मतानुसार भाकरीचे सत्त्वच पालटते. ल्यूथर भाकरीबरोबर ख्रिस्त खरोखर उपस्थित असतो असे मानी. झ्विंग्लीला ते स्मरण पुरेसे वाटे. झ्युरिकमध्येच काहींनी आणखी पुढचे पाऊल टाकले. तान्ह्या मुलाला श्रद्धा कोठून असणार, तेव्हा बाप्तिस्मा जाणत्या वयातच द्यावा, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्यापैकी फेलिक्स मान्झ याला १५२७ मध्ये तेथील प्रोटेस्टंट नगरसभेनेच नदीत बुडवून ठार केले.

इंग्लंडची कथा निराळी. आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये स्वतःला चर्चचा प्रमुख म्हणवून घेतले, १५३६ ते १५४० या काळात सुमारे आठशे मठ खालसा केले आणि त्यांच्या जमिनी विकल्या. पण त्याच राजाने १५३९ मध्ये कायदा करून धर्मगुरूंचे ब्रह्मचर्य आणि प्रभुभोजनाविषयीचे जुने मत कायम ठेवले. किल्ल्या बदलल्या, आतील सामान बव्हंशी तेच राहिले.

प्रोटेस्टंटांमधील भेद समजून घ्यावयाचे असतील तर मतांपेक्षा त्यांच्या कारभाराकडे पाहणे सोपे जाते. अँग्लिकनांमध्ये बिशप असतात आणि त्यांची परंपरा अखंड मानली जाते. प्रेस्बिटेरियनांमध्ये बिशप नाही. निवडून दिलेले वडील आणि पाळक यांच्या चढत्या सभा कारभार पाहतात. काँग्रिगेशनल आणि बाप्टिस्ट पंथांत गावची मंडळी हीच सार्वभौम. जॉन वेस्ली अखेरपर्यंत अँग्लिकनच होता, पण खाणकामगारांपुढे उघड्या मैदानावर प्रवचने देता देता त्याच्या अनुयायांचा मेथॉडिस्ट पंथ वेगळा झाला. विसाव्या शतकातील पेंटेकॉस्टल मंडळ्यांत पवित्र आत्म्याचा प्रत्यक्ष अनुभव हीच सनद ठरते.

महाराष्ट्रात हे सारे भेद तयार मालासारखे येऊन पडले. वसईत पोर्तुगीजांबरोबर कॅथलिक पंथ आला. अहमदनगरकडे अमेरिकन मराठी मिशन आले ते काँग्रिगेशनल वळणाचे, तर मुंबई-पुण्याकडे स्कॉटिश प्रेस्बिटेरियन. नवख्रिस्ती मराठी माणूस कोणत्या पंथाचा, हे पुष्कळदा त्याच्या तालुक्यात कोणते मिशन काम करी यावरून ठरले. पंडिता रमाबाईंनी मात्र ते असे ठरू दिले नाही. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा अँग्लिकन बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्यास मुंबई आणि लाहोर येथील बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी आपला निर्णय आपल्या विवेकावर सोपविण्याचा आग्रह धरला. एका पुरोहितवर्गाचे जोखड झुगारून आलेल्या बाईने दुसऱ्याचे का पत्करावे? त्यांच्या केडगावच्या मुक्तिसदनात १९०५ मध्ये झालेले धार्मिक जागरण आज पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात नोंदले जाते.

विल्सन महाविद्यालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते डॉ. जॉन विल्सन स्कॉटलंडच्या १८४३ मधील फुटीत सापडले. जमीनदाराने नेमलेला पाळक मंडळीने मुकाट्याने स्वीकारावा काय, हा वाद होता. साडेचारशेंहून अधिक पाळक वेतनावर आणि राहत्या घरांवर पाणी सोडून बाहेर पडले आणि त्यांनी ‘फ्री चर्च’ स्थापिले. भारतातील स्कॉटिश मिशनरीही, विल्सनसह, त्यांना जाऊन मिळाले. इमारती मात्र कायद्याने जुन्या चर्चच्याच. १९०० मध्ये या फ्री चर्चचे दुसऱ्या एका चर्चशी विलीनीकरण झाले, तेव्हा मूठभर मंडळी त्याला विरोध करून बाहेर राहिली. १९०४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सगळी मालमत्ता त्या मूठभरांना बहाल केली. कारण? देणग्या मूळ मतासाठी दिलेल्या होत्या, आणि मूळ मत त्यांनीच राखले. हा निकाल इतका अव्यवहार्य ठरला की पुढच्याच वर्षी पार्लमेंटला कायदा करून मालमत्तेची फेरवाटणी करावी लागली.

उलट दिशेने जाणारी उदाहरणेही आहेत, आणि त्यांतील एक नागपूरचे आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी तेथे सहा चर्चसंस्था एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ निर्माण झाले. बिशपवाले अँग्लिकन, वडिलांच्या सभावाले आणि मंडळीवाले एका छपराखाली आले. बालकांचा बाप्तिस्मा आणि जाणत्यांचा बाप्तिस्मा दोन्ही ग्राह्य धरण्यात आले. मान्झला ज्यासाठी मरावे लागले तो प्रश्न एका नियमाने मिटला. अमेरिकन परंपरेतील मेथॉडिस्ट मात्र ऐनवेळी बाहेर राहिले.

केरळात तसे झाले नाही. १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांनी उदयंपेरूर येथे परिषद भरवून तेथील प्राचीन ख्रिस्ती समाजाला रोमच्या शिस्तीत आणले. १६५३ मध्ये मट्टांचेरी येथे हजारोंनी शपथ घेऊन जेझुइटांचे वर्चस्व झुगारले. त्यांतील काही पुन्हा रोमकडे वळले, उरलेल्यांनी अँटिऑकशी संबंध जोडला, आणि विसाव्या शतकात त्यांचेही ऑर्थोडॉक्स आणि जेकोबाइट असे दोन भाग झाले. दोघांची उपासना एक, श्रद्धासूत्र एक, संत तेच. भेद एवढाच की अंतिम शब्द कोट्टयमच्या कॅथोलिकोसचा की सीरियाच्या पॅट्रिआर्कचा. सर्वोच्च न्यायालयाने १९५८, १९९५ आणि २०१७ असे तीनदा यात लक्ष घातले. हजाराहून अधिक पॅरिशांचा कारभार १९३४ च्या घटनेनुसारच चालेल, असा निकाल २०१७ मध्ये लागला. कायद्याच्या दृष्टीने तो स्पष्ट आहे. पण ज्या गावात बहुसंख्य कुटुंबे जेकोबाइट होती, तेथे त्यांच्या आजोबा-पणजोबांनी बांधलेल्या चर्चची किल्ली दुसऱ्या पक्षाकडे गेली आणि तिच्याबरोबर दफनभूमीचे फाटकही. २०१९ मध्ये अलप्पुळा जिल्ह्यातील एका वृद्धेचे दफन या वादापायी महिन्याहून अधिक काळ खोळंबले. अखेर २०२० मध्ये केरळ विधानसभेने कायदा केला. अंत्यविधी कुटुंबाने हव्या त्या धर्मगुरूकडून अन्यत्र करून घ्यावा, दफन मात्र आपल्या पॅरिशच्या भूमीत, पूर्वजांशेजारी करण्याचा हक्क त्याला राहील.