महानायकांचे मातीचे पाय

सीबीडी बेलापूरच्या सिडको वसाहतींत ज्यांचे बालपण गेले, त्यांतील अनेक जण आज स्वतः आईवडील झाले आहेत. १३ सप्टेंबर १९९७ रोजी दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ ही मालिका सुरू झाली तेव्हा ही पिढी शाळेत होती. मिस्सा आटोपून घरी यावे, कपडे बदलावेत आणि दूरचित्रवाणी संचापुढे बसावे, असा कित्येक घरांतील रविवारचा क्रम होता. मालिका संपली की इमारतींच्या जिन्यांत आणि पारसिक डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या मोकळ्या जागांत एक हात उंचावून गरगर फिरणारी मुले दिसत. मालिका २००५ साली संपली. आता त्याच मुलांची मुले हार्बर मार्गाच्या गाडीतही भ्रमणध्वनीवर महानायकांच्या मालिका पाहतात. मात्र हे महानायक पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. ते खोटे बोलतात, सूड घेतात, मद्य पितात, माणसे मारतात. ‘हा नायक चांगला की वाईट?’ असे मुलांनी विचारले की पालक गोंधळतात. अशा नायकांचे मूल्यमापन कोणत्या कसोटीवर करावे, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

‘शक्तिमान’ हा निर्दोष नायक होता. योगसाधनेने कुंडलिनी जागृत करून त्याने पंचमहाभूतांची शक्ती मिळविली होती. वृत्तपत्राचा छायाचित्रकार गंगाधर वेंधळा होता खरा, परंतु तो वेंधळेपणा हे सोंग होते. त्यात दोष नव्हता. भागाच्या शेवटी एखादे मूल आपली चूक कबूल करी आणि शक्तिमानची क्षमा मागे. चूक नेहमी मुलाची, न्यायाधीश नेहमी नायक. नखे कुरतडू नयेत, कचरा रस्त्यावर टाकू नये, खोटे बोलू नये, अशा गोष्टी त्या पिढीच्या मनावर ठसल्या, हे नाकारता येणार नाही. आम्ही त्या शिकवणीची थट्टा करणार नाही. तथापि मुलांनी न्याय करायला शिकावे, अशी त्या मालिकेची अपेक्षाच नव्हती. नायकावर संशय घेण्याचा प्रश्न तेथे उद्भवत नव्हता. शक्तिमान वाचवायला येईल या भरवशावर मुलांनी जीव धोक्यात घातल्याच्या बातम्या त्या काळात वृत्तपत्रांत आल्या. त्या घटनांचा मालिकेशी खरोखर किती संबंध होता, याविषयी वाद झाला. परंतु निर्माते व अभिनेते मुकेश खन्ना यांना पडद्यावर येऊन, असे धाडस करू नका, असे मुलांना सांगावे लागले, हे अनेकांना आठवत असेल.

योगायोग असा की याच मुकेश खन्नांनी त्याआधी, १९८८ ते १९९० या काळात प्रसारित झालेल्या ‘महाभारत’ मालिकेत पितामह भीष्मांची भूमिका केली होती. भीष्म हे पराक्रमी, त्यागी आणि सत्यप्रतिज्ञ होते. तरीही भर सभेत द्रौपदीची विटंबना होत असताना ते बसून राहिले. स्वतःलाच हरून बसलेल्या युधिष्ठिराला मला पणाला लावण्याचा अधिकार होता काय, असे तिने विचारले, तेव्हा धर्माची गती सूक्ष्म आहे, एवढेच ते सांगू शकले. मराठी वाचकांना या दोषाची चिकित्सा नवी नाही. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’ (१९६७) या ग्रंथात भीष्मांच्या थोरवीची भीड न बाळगता त्यांचे माप घेतले. महानायकाकडे आदराने आणि तरीही उघड्या डोळ्यांनी पाहण्याची रीत आपल्या भाषेत आधीपासूनच आहे.

मग कसोटी कोणती? १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात, १७५० क्रमांकापासूनच्या परिच्छेदांत, ती दिलेली आहे. कोणत्याही कृतीची नैतिकता तीन गोष्टींवरून ठरते: प्रत्यक्ष काय केले, कोणत्या हेतूने केले आणि कोणत्या परिस्थितीत केले. परिस्थितीमुळे दोषाची तीव्रता कमी-अधिक होते; वाईटाचे चांगले मात्र होत नाही. हेतू चांगला असला तरी मुळातच वाईट असलेली कृती चांगली ठरत नाही. याची दुसरी बाजूही तेथेच सांगितली आहे: दानधर्मासारखी चांगली कृती मोठेपणा मिरविण्याच्या हेतूने केली, तर ती बिघडते. हा नियम ऐकायला सोपा आहे. लावून पाहताना मात्र कस लागतो.

त्यासाठी ‘डेअरडेव्हिल’ या मालिकेइतके सोयीचे उदाहरण कॅथलिक वाचकांस क्वचितच मिळेल. २०१५ ते २०१८ या काळात नेटफ्लिक्सवर तिचे तीन हंगाम आले आणि २०२५ मध्ये ती नव्या नावाने पुन्हा सुरू झाली. न्यूयॉर्कच्या हेल्स किचन या वस्तीत राहणारा मॅट मरडॉक हा अंध वकील तिचा नायक. तो कॅथलिक आहे. दिवसा तो न्यायालयात कायद्याच्या बाजूने उभा राहतो आणि रात्री मुखवटा चढवून कायदा हातात घेतो. पहिल्याच भागात तो पापनिवेदनासाठी धर्मगुरूंपुढे बसतो. परंतु केलेल्या पापाची नव्हे, तर जे तो आता करायला निघाला आहे त्याची क्षमा त्याला हवी असते. धर्मगुरू त्याला तेथेच अडवितात. प्रायश्चित्त संस्कार अशा रीतीने होत नाही, हे पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी करणारे मूलही सांगेल. पश्चात्ताप हवा, आणि पुन्हा ते पाप न करण्याचा निश्चय हवा. पाप करायचे ठरवूनच क्षमा मागणे, म्हणजे संस्काराला आगाऊ परवाना समजणे होय. पटकथालेखकांस ही गोष्ट ठाऊक आहे, म्हणूनच तो प्रसंग प्रभावी झाला आहे.

दुसऱ्या भागात अपहरण झालेल्या एका लहान मुलाला सोडविण्यासाठी मॅट जिवावर उदार होतो. हेतू निर्मळ आहे. निरपराध्याच्या रक्षणासाठी गरजेपुरते बळ वापरणे ख्रिस्तसभा निषिद्ध मानीत नाही. इतरांच्या जीविताची जबाबदारी ज्यांच्यावर असते त्यांचे तर ते कर्तव्यही असू शकते. परंतु मूल कोठे आहे हे कळावे म्हणून तो एका गुंडाला गच्चीवर नेऊन त्याचा छळ करतो आणि माहिती मिळाल्यावर त्याला वरून खाली फेकून देतो. येथे कसोटी लावावी. मूल वाचविणे चांगले. अपहरणकर्त्यांशी झुंजणे समर्थनीय. हात बांधलेल्या माणसाचा छळ करणे मात्र त्याज्य. आणि माहिती हाती आल्यावर त्याला ढकलून देणे तर मुलाच्या सुटकेसाठीही आवश्यक नव्हते, तो निव्वळ संताप होता. एकाच रात्री एकाच माणसाने केलेल्या या चार कृती आहेत. ‘तो चांगला आहे’ किंवा ‘तो वाईट आहे’ असे एकच उत्तर देऊ पाहिले की यांतील एक तरी कृती दृष्टीआड करावी लागते.

मॅट माणूस ठार मारीत नाही, हा त्याचा नियम आहे. दुसऱ्या हंगामात फ्रँक कॅसल हा गुन्हेगारांना सरसकट गोळ्या घालणारा सूडकरी त्याला साखळीने बांधून हाच नियम पोकळ असल्याचे सुनावतो: तू सोडलेले गुंड पुन्हा माणसे मारतात, मी मारलेले मारीत नाहीत. तरुण प्रेक्षकांस हा युक्तिवाद फार भावतो, असा आमचा अनुभव आहे. त्याला ‘हिंसा वाईट’ एवढे उत्तर पुरत नाही. कोणत्याही माणसाचे परिवर्तन होणारच नाही, असे ठरविण्याचा अधिकार कॅसलला कोणी दिला, हा खरा प्रश्न आहे आणि मॅट तोच विचारतो.

‘द बॉईज’ (२०१९ पासून) या मालिकेविषयी थोडक्यात लिहितो. ती केवळ प्रौढांसाठी आहे आणि तिच्यातील क्रौर्य व अश्लीलता पाहता मुलांनी ती पाहू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तरीही तिच्यातील होमलँडर या पात्राची ओळख बहुतेक किशोरांना मित्रांकडून झालेलीच असते. हा महानायक एका कंपनीने घडविलेला आणि जाहिरातींनी सजविलेला आहे. अपहृत विमानातील प्रवाशांना तो मृत्यूच्या हवाली करून निघून जातो आणि नंतर त्याच दुर्घटनेच्या अवशेषांजवळ उभा राहून आपल्या लाभासाठी भाषण करतो. लोक टाळ्या वाजवितात. बाहेरून दानधर्म आणि आत मोठेपणा, या नियमाचे हे टोक आहे.

येथे बायबलमधील एका प्रसंगाचे स्मरण होते. दावीद राजाने उरियाच्या पत्नीचा अभिलाष धरला आणि उरियाला रणांगणी मरावयास लावले. संदेष्टा नाथान राजाकडे आला, परंतु त्याने थेट आरोप केला नाही. त्याने एक गोष्ट सांगितली: पुष्कळ मेंढरे असलेल्या एका श्रीमंताने गरिबाची एकुलती एक कोकरी हिरावून घेतली. दावीद संतापला आणि त्या श्रीमंताला त्याने मृत्युदंडास पात्र ठरविले. तेव्हा नाथानने सांगितले की तो माणूस तूच आहेस (२ शमुवेल, अध्याय १२). दावीदाने आधी एका काल्पनिक माणसाचा न्याय केला आणि तो अचूक केला. स्वतःचा न्याय करणे त्याला तोवर जमले नव्हते. ‘डेअरडेव्हिल’च्या पहिल्या हंगामाच्या शेवटी विल्सन फिस्क हा खलनायक पोलिसांच्या गाडीत चांगल्या शोमरोनीचा दाखला सांगतो. आजवर तो स्वतःला नगराचा तारणहार, म्हणजेच शोमरोनी, समजत आला होता. सांगता सांगता त्याला उमगते की वाटसरूला लुटणारा दुष्ट तोच आहे. फरक एवढाच की दावीद रडला, फिस्कला मात्र त्या शोधाने मोकळे वाटले.

पडद्यावरील नायकांचा एवढा ऊहापोह कशासाठी, असे काही वाचक विचारतील. कारण हा सराव पडद्याबाहेरही लागतो. ज्याँ व्हानिए यांनी १९६४ साली फ्रान्समध्ये बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींसाठी ‘लार्श’ ही चळवळ सुरू केली; बंगळुरू व कोलकाता येथे तिची घरे ‘आशा निकेतन’ या नावाने चालतात. २०१९ साली व्हानिए निवर्तले तेव्हा त्यांना जिवंतपणीच संत मानणारे असंख्य लोक होते. फेब्रुवारी २०२० मध्ये संस्थेनेच चौकशी करवून प्रसिद्ध केले की आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून त्यांनी किमान सहा स्त्रियांचे लैंगिक शोषण केले होते. २०२३ च्या सविस्तर अहवालात हा आकडा किमान पंचवीसवर गेला. लार्शची घरे खोटी होती काय? नाही, तेथे राहणाऱ्यांस मिळालेली माया खरी होती. मग त्या स्त्रियांचे दुःख त्या मायेच्या पारड्यात टाकून हलके करावे काय? तेही नाही. आपल्या संस्थापकाचे नाव राखण्यासाठी लार्शने सत्य दडपले नाही, ही त्यातील आम्हास सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब आहे. नाव राखण्याच्या मोहाने ख्रिस्तसभेत अन्यत्र किती बालकांच्या तक्रारी वर्षानुवर्षे दडपल्या गेल्या, हे आता जगाला ठाऊक आहे.

संतपदाच्या प्रक्रियेत ख्रिस्तसभा ‘वीरोचित सद्गुण’ असा शब्द वापरते. वीर हा शब्द तेथेही आहे. परंतु तो देण्याआधी दोष शोधले जातात. १५८७ साली पोप सिक्स्तुस पाचवे यांच्या काळात या कामासाठी एक पद निर्माण झाले आणि लोक त्या अधिकाऱ्याला ‘सैतानाचा वकील’ म्हणू लागले. १९८३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रक्रिया बदलली, तरी विरोधी पुरावा ऐकण्याची प्रथा टिकून आहे. दानिएलाच्या ग्रंथातील पुतळ्याचे शिर सोन्याचे होते, पावले मात्र काही लोखंडाची आणि काही मातीची होती. दगड पायांवरच आदळला. पायांकडे पाहणे हा पुतळ्याचा अपमान नव्हे.

पालकांसाठी काही व्यावहारिक गोष्टी. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार भारतातील प्रसारण मंचांना प्रत्येक मालिकेचा वयोगट दाखवावा लागतो आणि तेरा वर्षे व त्यावरील गटांतील मालिकांसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय द्यावी लागते. ती वापरावी. जी मालिका वयाला योग्य आहे, तिचा एखादा भाग मुलांसोबत बसून पाहावा आणि संपल्यावर नायकाविषयी नव्हे, त्याच्या एखाद्या कृतीविषयी विचारावे. त्याने काय केले? कशासाठी केले? दुसरा मार्ग होता काय? ज्याला इजा झाली त्याचे पुढे काय झाले, हे मालिकेने दाखविले की कॅमेरा तेवढ्यात वळविला? शेवटचा प्रश्न मुलांना बहुधा नवा असतो, आणि एकदा विचारला की पुढच्या भागाच्या वेळी तीच तो आधी विचारतात.