रंध्यात डुबकी? नको रे बाबा!

सप्टेंबरातला वीकएंड, भंडारदऱ्याच्या तलावाकाठी तंबू, गरमागरम पिठलं-भाकरी आणि रात्रभर बेडकांचा ऑर्केस्ट्रा... अजून काय हवं? "उद्या रंध्यात पोहायचं!" ग्रुपमधल्या एकाने जाहीर केलं. तंबूवाले काका हसले नाहीत.

रंधा म्हणजे प्रवरेची थेट 170 फुटांची उडी. वरच्या अंगाला 1926 मध्ये पूर्ण झालेलं विल्सन धरण. तिथून पाणी सोडलं, की डोक्यावर ऊन असलं तरी खाली नदी फुगते. त्यात काठचा कातळ शेवाळलेला. "लांबूनच बघा, पोरांनो!"

मग आम्ही साम्रदच्या रस्त्यालगत एका घोट्याएवढ्या ओढ्यात फतकल मारून बसलो. पाणी असलं गार, की सोमवारची मीटिंगच विसरलो! अंब्रेला फॉल? तोही धरणाचं पाणी सोडल्यावरच दिसतो. आणि तोसुद्धा फक्त फोटोपुरता.