वैज्ञानिक संगणनासाठी पायथॉन : एक परिचय

प्रयोगातील आकड्यांवर कोणत्या क्रमाने कोणती गणिती प्रक्रिया केली, याची नोंद नसल्यास निष्कर्षाची पडताळणी अशक्य होते. पायथॉन या संगणकभाषेत लिहिलेली आज्ञावली ही नोंद आपोआपच ठरते. गुइडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये नेदरलँड्समध्ये प्रसृत केलेली ही भाषा सर्वसाधारण उपयोगाची व निःशुल्क आहे. तिच्यात एकेका संख्येवर क्रिया करणे संथ असते. २००६ मध्ये आलेली 'नमपाय' ही लायब्ररी संपूर्ण सारणीवर एकदम क्रिया करते. तथापि ०.१ व ०.२ यांची बेरीज पायथॉन ०.३०००००००००००००००४ अशी देते, कारण हे अपूर्णांक द्विमान पद्धतीत नेमके मांडता येत नाहीत. म्हणून उत्तरासोबत आज्ञावलीही प्रसिद्ध करणे, हे संशोधकाचे कर्तव्य ठरते.