जिथं दरी तुटते, तिथून वाट उतरते

1469च्या सुमारास अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी होर्मुझमार्गे एक घोडा घेऊन जहाजाने चौल बंदरात उतरला. पालीवरून सह्याद्री चढून तो जुन्नरला पोचला आणि पावसाने त्याला तिथंच थांबवलं. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असं त्याने लिहून ठेवलं आहे. याच दिवसांत इथली माणसं नांगरतात आणि पेरतात, हेही त्याने टिपलं. परक्या माणसाच्या या नोंदीत मध्ययुगीन महाराष्ट्राचं सगळं वेळापत्रक आलं आहे. पावसाळ्यात बंदरं बंद, घाट निसरडे आणि शेतं जागी. दसरा उलटला की शेतं मोकळी होत, आणि जहाजं, बैल व फौजा बाहेर पडत.

पण मुळात जुन्नर तिथंच का वसलं? त्यासाठी सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षं मागं जायला हवं. तेव्हा जमिनीच्या भेगांमधून लाव्हा वाहत राहिला आणि त्याचे थर भाकऱ्यांच्या चळतीसारखे एकमेकांवर बसत गेले. प्रत्येक थराचा गाभा सावकाश निवून घट्ट झाला, त्याला उभ्या भेगा पडल्या. माथ्याकडचा भाग मात्र वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र राहिला. घट्ट थराचे उभे कातळकडे झाले, मऊ थर झिजून त्यांच्यामध्ये सपाट पट्ट्या पडल्या. किल्ल्यांचे तुटलेले कडे आणि रुंद माच्या या झिजेतूनच घडल्या. किल्ला बांधणाऱ्याचं निम्मं काम डोंगराने आधीच करून ठेवलेलं असे. पाणीही या थरांच्या सांध्यातूनच झिरपतं. झरा कुठं फुटतो आणि टाकं कुठं खोदावं, हे ओळखणाऱ्यांनी भूशास्त्राचा ग्रंथ पाहिला नव्हता, पण त्यांना खडक वाचता येत होता.

भारताचा पश्चिम किनारा घडल्यानंतर समुद्राकडचा कडा झिजत झिजत पूर्वेकडे सरकत आला. कोकणातल्या नद्या आखूड आणि उताराच्या, त्यामुळे त्या कड्याला जोराने कुरतडतात. देशावरच्या नद्या मात्र जुन्या, संथ, रुंद खोऱ्यांच्या. कडा मागं सरकताना या खोऱ्यांची वरची टोकं कापली गेली. कुकडी नदीचं खोरं पाहावं. जुन्नरहून पश्चिमेला चालत गेलं की रान बऱ्यापैकी सपाट राहतं आणि नाणेघाटापाशी जमीन एकाएकी संपते. खाली एकदम कोकण. जिथं असं खोरं कड्यापर्यंत येऊन तुटतं, तिथं चढ सर्वांत कमी पडतो आणि वरचा प्रवास सोपा होतो. घाटाच्या चांगल्या वाटा अशाच जागी सापडतात. सातवाहनांनी नाणेघाटात लेणं कोरलं आणि लेख खोदला, ती जागा निवडली होती खडकाने. मध्ययुगातली रहदारीही याच जुन्या खिंडींतून चालत राहिली.

मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतो तो शिलाहार राजा झंझ. अरब प्रवासी अल् मसूदी इसवी सन 916च्या सुमारास चौलला आला तेव्हा तिथं याच राजाची सत्ता होती, आणि गावात मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वस्ती नांदत होती. नद्यांच्या उगमांशी बारा शिवालयं बांधल्याचं श्रेय परंपरा याच झंझाला देते. कुकडीच्या उगमाजवळचं कुकडेश्वर त्यांतलंच एक मानतात. बंदरावर जकात घेणारा राजा घाटमाथ्यावर देवळं बांधतो, ही केवळ भक्ती नसावी. खाडीपासून खिंडीपर्यंतची वाट ही एकच मिळकत होती, तिचं एक टोक राखून भागणारं नव्हतं.

त्या वाटेवर चाक चालत नव्हतं. बोरघाटात गाडीरस्ता झाला तो थेट 1830 साली. तोवर माल बैलांच्या पाठीवर, लमाणांच्या तांड्यांतून चाले. कोकणातून मीठ वर जाई, देशावरून धान्य आणि कापड खाली येई. समुद्रातून आलेला सर्वांत मोलाचा माल म्हणजे घोडा. दमट हवा त्याला मानवत नाही, त्यामुळे दख्खनच्या फौजांना अरबस्तान आणि इराणकडून सतत घोडे आणावे लागत. निकितीनचा घोडा जुन्नरच्या खानाने काढून घेतला आणि मोठ्या मिनतवारीने तो परत मिळाला, यावरून त्याची किंमत कळते. पुढे भीमेच्या कोरड्या खोऱ्यात भीमथडीची चिवट तट्टं तयार झाली, तेव्हा हे परावलंबन काहीसं कमी झालं.

कोरडं खोरं म्हणताना पावसाचा उतार ध्यानात घ्यायला हवा. महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जेमतेम तीसेक किलोमीटरवरच्या वाईला त्याच्या पाचव्या हिश्शाइतकाही नाही. मेंढीचे खूर ओल्यात सडतात, म्हणून धनगर पावसाळा पूर्वेच्या माळावर काढतात आणि उघडीप झाली की पश्चिमेकडे सरकतात. शेतात मेंढ्या बसवायच्या आणि खताच्या बदल्यात धान्य घ्यायचं, असा हा जुना व्यवहार. गुंथर सोन्थायमर आणि रा. चिं. ढेरे या अभ्यासकांनी खंडोबा, बिरोबा, विठोबा या देवांचा माग काढला तो याच माळांवरून.

तरीही भूगोल सगळं ठरवतो, असं म्हणणं मला पटत नाही. यादवांचा देवगिरी पाहा. एकांड्या डोंगराचा पायथा तासून उभा कडा केलेला, भोवती कातळात खोदलेला खंदक. दगडाचा याहून हुशार उपयोग क्वचितच कुणी केला असेल. 1296 साली अलाउद्दीन खिलजी चालून आला तेव्हा यादव राजा रामदेवराव या गडावर गेला. इतिहासकार फिरिश्ता लिहितो की, कोकणातून आलेले व्यापारी पायथ्याशी गोण्या टाकून पळाले होते. धान्य समजून त्या घाईघाईने वर नेल्या. उघडल्यावर आत मीठ निघालं, आणि रामदेवरावाला खंडणी देऊन तह करावा लागला.