पावसात ड्रॉवर का अडकतो?

आज कोड नाही, कपाट.

आजीचं सागवानी कपाट गेल्या वर्षी मी पुण्यातल्या फ्लॅटवर आणलं. जुलैत त्याचा ड्रॉवर अडकला. आत तिची हिशेबाची वही! मी इंजिनिअर माणूस, म्हटलं कड तासून टाकू. सुतारकाका हसले. "आत्ता रंधा मारला तर दिवाळीनंतर ड्रॉवर खुळखुळेल. थांबा जरा."

त्यांचं बरोबर होतं. लाकूड हवेतला ओलावा शोषतं आणि फुगतं. सागवान कमी फुगतं, पण फुगतंच. गंमत म्हणजे लांबीत जवळजवळ नाही, रुंदीत. कारण पाणी तंतूंच्या भिंतीत शिरतं. तंतू जाड होतात, लांब होत नाहीत. हवा कोरडी झाली की सगळं परत आकसतं.

मग पावसाळ्यात करायचं काय? ड्रॉवर जिथे घासतो तिथे साधी मेणबत्ती फिरवा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. मागे हवा खेळली नाही तर बुरशी धरते. ओल्या फडक्याने पुसलंत तर लगेच कोरडं फडकं मारा.

पण हे खऱ्या लाकडाचं झालं. स्वस्तातलं ऑनलाइन टेबल बरेचदा पार्टिकल बोर्डचं असतं, म्हणजे लाकडाचा चुरा आणि चिकटवणारं रेझिन. त्याची कड पाणी पिऊन फुगली की परत बसत नाही. फरशी पुसताना त्याचे पाय जपा.

नोव्हेंबरात ड्रॉवर एका बोटाने उघडला. वहीतला शेवटचा हिशेब दुधाचा होता.

भेटू पुढच्या भागात!